वाचकांचे प्रश्न : आधी उष्माभार, मग यंत्र

घर थंड किंवा उबदार ठेवण्याविषयी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात प्रश्न यंत्राविषयी विचारलेला आहे. परंतु दिलेला तपशील वाचला की अडचण बहुधा छपरात, खिडकीत किंवा दाराखालच्या फटीत असल्याचे दिसते. त्यामुळे उत्तरांमध्ये यंत्राकडे मी थोडा उशिरा वळलो आहे. जिथे आकडेमोड दिली आहे, तिथे वाचकांनी आपापल्या घराची मापे घालून ती पुन्हा करून पाहावी.

प्रश्न : आमची झोपण्याची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, वर काँक्रीटचा उघडा स्लॅब आणि पश्चिमेला सुमारे दोन चौरस मीटरची काचेची खिडकी. एक विक्रेता म्हणतो की एक टनाचा एसी पुरेल, दुसरा दीड टनाखाली जाऊ नका असे बजावतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांनीही क्षेत्रफळावरून अंदाज बांधलेला दिसतो आणि आपल्या खोलीच्या बाबतीत तेवढ्यावरून निर्णय करता येणार नाही. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट वेगाने उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप ठरले आहे. तेव्हा खोलीत किती किलोवॅट उष्णता शिरते, म्हणजेच तिचा उष्माभार किती, हे आधी काढले पाहिजे.

छपरापासून सुरुवात करू. कडक उन्हात गडद रंगाच्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतो. खोली २६ अंशांवर ठेवायची असेल, तर स्लॅबचा वरचा पृष्ठभाग आणि खोलीतली हवा यांच्यात ३४ अंशांचा फरक पडतो. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या साध्या काँक्रीटमधून एवढ्या फरकाला, १२ चौरस मीटरवर, सुमारे दीड किलोवॅट उष्णता खाली येऊ शकते. म्हणजे एक टनाच्या एसीची चाळीस टक्क्यांहून अधिक क्षमता एकट्या छपराशी झुंजण्यात जाते. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारनंतर तिरपे ऊन थेट पडते. त्या वेळी दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊर्जा येते, साधी काच त्यातला बराचसा भाग आत सोडते आणि दोन चौरस मीटरला तो आकडा एक किलोवॅटच्या जवळ जातो. दोन माणसांचे मिळून सुमारे २०० वॅट, भिंतींमधून तीनशेच्या आसपास, दिवे आणि उपकरणे यांचे दीडशे, आणि फटींमधून येणाऱ्या गरम, दमट हवेचे पाचशे धरले, तर बेरीज ३.६ किलोवॅटच्या पुढे जाते. एक टन तिथेच अपुरा पडतो. दीड टन सांगणारा विक्रेता त्या अर्थाने चुकीचे बोलत नाही.

परंतु ही बेरीज कमी करता येते आणि माझा आग्रह तिथे आहे. स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचा चांगल्या प्रतीचा उष्णतारोधक थर घालून त्यावर जलरोधक आवरण केले, तर छपरातून येणारी दीड किलोवॅट उष्णता २०० वॅटच्या आसपास उतरते. तेवढा खर्च शक्य नसेल, तर ऊन परावर्तित करणारा पांढरा लेपसुद्धा पृष्ठभागाचे तापमान इतके खाली आणतो की छपराचा भार साधारण निम्मा होतो. मात्र लेपावर धूळ बसली की त्याचा गुण घटतो, म्हणून तो अधूनमधून धुवावा लागतो. खिडकीला बाहेरून सावली करावी. बाहेरची झडप, बांबूचा पडदा किंवा कापडी छत काचेपर्यंत ऊन पोचूच देत नाही. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यानंतर अडवतो. तो स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पडदे कितीही जाड घेतले तरी हा फरक भरून निघत नाही. ही दोन कामे झाली की आपल्या खोलीचा भार दीड ते पावणेदोन किलोवॅटवर येतो आणि एक टनाचा एसी निवांत चालू शकतो.

माझे उत्तर म्हणून असे आहे की छप्पर आणि खिडकी आधी हाताळावी आणि मग एक टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यावा. घर भाड्याचे असल्यामुळे किंवा इमारतीची परवानगी नसल्यामुळे छपराला हात लावता येत नसेल, तर दीड टन घ्यावा. गरजेपेक्षा फार मोठे यंत्र घेण्याने मात्र नुकसानच होते. साधा, म्हणजे एकाच वेगाने चालणारा मोठा एसी खोली पाच-दहा मिनिटांत थंड करून बंद पडतो आणि हवेतले बाष्प काढायला त्याला पुरेसा वेळ मिळत नाही. खोली थंड असते, पण अंग चिकट राहते, आणि म्हणून माणूस तापमान आणखी खाली नेतो. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकतो, तरी त्यालाही किमान मर्यादा असते. भार तिच्याखाली गेला की तोही चालू-बंद होऊ लागतो. खरेदीच्या वेळी कमाल क्षमतेबरोबर किमान क्षमताही विचारून घ्यावी. ती तांत्रिक माहितीपत्रकात छापलेली असते.

प्रश्न : आमच्या घरात एसीच्या तापमानावरून रोज मतभेद होतात. मुलगा खोलीत शिरताच १८ अंश लावतो, म्हणजे लवकर थंड होईल. माझे पती म्हणतात की थोड्या वेळासाठी बाहेर जातानाही एसी बंद करू नये, कारण पुन्हा थंड करायला जास्त वीज लागते. यात तथ्य आहे का?

उत्तर : मुलाची समजूत बरोबर नाही. एकाच वेगाच्या एसीचा कॉम्प्रेसर १८ अंशांवर लावला काय आणि २५ अंशांवर लावला काय, त्याच वेगाने चालतो. फरक एवढाच की १८ अंशांवर तो थांबत नाही. इन्व्हर्टर एसीसुद्धा खोली ठरलेल्या तापमानापासून दूर असताना जवळजवळ पूर्ण जोर लावूनच काम करतो. खोली २५ अंशांपर्यंत पोचायला दोन्ही वेळा साधारण सारखाच वेळ लागतो. त्यानंतर मुलगा तापमान वाढवायला विसरतो आणि वीज तिथे खर्च होते. पंख्याचा वेग मोठा ठेवला, तर थंडावा लवकर जाणवतो. घाई असेल तेव्हा तो उपाय करावा.

पतींचे म्हणणे व्यवहारात फार प्रचलित आहे, पण उष्णतेच्या नियमाला धरून नाही. बाहेरून आत येणारी उष्णता ही आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. एसी बंद असताना खोली तापत जाते, फरक कमी होत जातो आणि उष्णता येण्याचा वेगही मंदावतो. परत आल्यावर जी उष्णता काढावी लागते, ती एसी चालू ठेवला असता तर तेवढ्या वेळात काढाव्या लागलेल्या उष्णतेपेक्षा कमीच असते. दहा-पंधरा मिनिटांसाठी बाहेर गेल्यास हा फरक नगण्य आहे. तासाभरासाठी जात असाल, तर एसी बंद करावा.

कोणते तापमान ठेवावे, याचा हिशेबही ह्याच नियमाने होतो. बाहेर ३६ अंश असताना आत २० ठेवले तर फरक १६ अंशांचा, २६ ठेवले तर १० अंशांचा. भिंती आणि काचांमधून नुसत्या वहनाने येणारी उष्णता पहिल्या वेळी दुसरीपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त असते. शिवाय आतली आणि बाहेरची पातळी जितकी दूर, तितके कॉम्प्रेसरला प्रत्येक एकक उष्णतेमागे अधिक काम पडते, म्हणजे तोटा दोन्ही बाजूंनी होतो. मी २५ किंवा २६ अंश आणि जोडीला छताचा पंखा सुचवतो. अंगावरून वाहणाऱ्या हवेमुळे दोन ते तीन अंश जास्त तापमानही तितकेच सुखद वाटते, आणि त्यासाठी साध्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॅट, तर बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या पंख्याला तीस-पस्तीस वॅट पुरतात. पंखा माणसाला गारवा देतो, खोलीचे तापमान तो उतरवत नाही; रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्याला काहीच अर्थ नाही. रात्री झोपताना शरीराची उष्णता घटते, म्हणून पहाटेपर्यंत तापमान एक-दोन अंशांनी आपोआप वाढवणारी सोय असेल तर ती वापरावी.

हवा दमट असेल, तर २६ अंशांवरही अस्वस्थ वाटू शकते. अशा वेळी तापमान खाली नेण्याआधी पंख्याचा वेग कमी करून किंवा ‘ड्राय’ पर्याय लावून पाहावा. हवा थंड नळ्यांवरून हळू गेली की तिच्यातले बाष्प अधिक प्रमाणात पाणी होऊन निघते. आधुनिक एसीचे जनक मानले जाणारे अमेरिकन अभियंते विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती कागद दमटपणाने फुगू-आक्रसू नये यासाठी. बाष्प काढणे हे काम या यंत्राच्या मुळातच आहे, आणि त्यालाही ऊर्जा लागते. हवेतून एक लीटर पाणी काढायचे, तर सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता बाहेर टाकावी लागते. ओले कपडे एसीच्या खोलीत वाळत घालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

प्रश्न : पाहुण्यांच्या खोलीसाठी एसी घ्यायचा आहे, तो वर्षातून थोडेच दिवस चालेल. सर्वांत जास्त कार्यक्षमतेचा घ्यावा का?

उत्तर : आपल्या बाबतीत बहुधा नाही. लेबलवरील हंगामी कार्यक्षमतेचा आकडा सांगतो की एक एकक विजेमागे यंत्र किती एकक उष्णता बाहेर काढते. एखाद्या खोलीतून वर्षभरात २,००० एकक उष्णता काढायची असेल, तर ३.५ आकड्याच्या यंत्राला सुमारे ५७० युनिट वीज लागते आणि ५ आकड्याच्या यंत्राला ४००. बचत १७० युनिटांची. आपल्या पाहुण्यांच्या खोलीत तो भार ४०० एककच असेल, तर बचत ३४ युनिटांवर येते. दोन यंत्रांच्या किमतीतील फरकाला वर्षाच्या बचतीने भागले की किती वर्षांत पैसे वसूल होतील, ते कळते. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या खोलीत मात्र कार्यक्षमतेत काटकसर करू नये. वरचा आकडा हंगामी आहे की पूर्ण भाराचा, हे मात्र तपासावे. एका यंत्राचा हंगामी आणि दुसऱ्याचा पूर्ण भाराचा आकडा शेजारी ठेवून केलेली तुलना खरी ठरत नाही.

प्रश्न : आमच्या एसीत दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला गॅस भरावा लागतो. तंत्रज्ञ म्हणतात की गॅस वापराने संपतो. हे नैसर्गिक आहे का?

उत्तर : नाही. एसीमधील शीतक, म्हणजे ज्याला आपण गॅस म्हणतो ते, बंद नळ्यांमध्ये फिरत राहते. ते द्रवाचे वायू आणि वायूचे पुन्हा द्रव होते, पण खर्च होत नाही. ते कमी झाले असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे दरवर्षी तेवढेच शीतक हवेत सोडणे. गळती शोधण्यासाठी नायट्रोजनचा दाब देऊन नळ्या तपासणे, दोष दुरुस्त करणे, निर्वात पंपाने आतली हवा व ओल काढणे आणि मग यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतकेच शीतक काट्यावर मोजून भरणे, हा क्रम आपण आग्रहाने मागावा. नुसता दाबमापक लावून ‘पुरेसे वाटते’ म्हणून भरलेले शीतक कमी किंवा जास्त होते आणि दोन्ही वेळा विजेचा वापर वाढतो.

यात पर्यावरणाचाही भाग आहे. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे ओझोनला घातक असलेली शीतके टप्प्याटप्प्याने मागे पडली, तर २०१६ च्या किगाली दुरुस्तीने हवामानाला तापवणाऱ्या एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) शीतकांचा वापर घटवण्याचे ठरले. आर-४१०ए या शीतकाचा तापमानवाढीचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०९० पट, तर आर-३२ चा सुमारे ६७५ पट धरला जातो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा प्रभाव अगदी थोडा आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आणि आर-२९० पूर्णपणे ज्वलनशील असल्याने त्यांचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. एका शीतकाच्या जागी दुसरे कधीही भरू नये.

गळती नसतानाही थंडावा कमी वाटत असेल, तर आधी जाळी पाहावी. धुळीने बंद झालेली जाळी हवेचा प्रवाह अडवते, नळ्यांवर बर्फ साचतो आणि गॅस कमी असल्याचा भास होतो. वापराच्या दिवसांत ती दर दोन ते चार आठवड्यांनी धुवावी. बाहेरच्या युनिटलाही मोकळी हवा हवी. शोभेसाठी त्याला चारही बाजूंनी जाळीच्या पेटीत बंद केलेले मी अनेक घरांत पाहतो. तिथे तेच गरम झालेले वारे ते पुन्हा ओढते आणि क्षमता घटते. वरून सावली चालेल, पण समोर आणि मागे अडथळा नको.

प्रश्न : कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी वीज घेतो, मग सर्वांनी तोच का वापरू नये? आमच्याकडे दोन महिन्यांनंतर त्याचा उपयोग होत नाही.

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या वाक्यातच कारण आहे. कूलर पाण्याचे बाष्प करून हवेतील उष्णता घेतो, आणि हवा किती कोरडी आहे यावर त्याची मर्यादा ठरते. ती मर्यादा ओल्या तापमापीच्या, म्हणजे फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेल्या तापमापीच्या वाचनाने कळते. हवेचे तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या तापमापीचे वाचन २२ ते २३ अंशांच्या आसपास येते. चांगला कूलर हवेचे तापमान आणि हे वाचन यांतील फरकाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत गाठतो, म्हणजे २६ अंशांची हवा देऊ शकतो. तेच तापमान ३२ आणि आर्द्रता ८० टक्के असताना वाचन २९ च्या जवळ असते, आणि कूलर दोन-अडीच अंशांपलीकडे जात नाही. उलट खोलीत ओल वाढवतो. कोरड्या हंगामात कूलर आणि दमट हंगामात एसी किंवा नुसता पंखा, अशी वाटणी योग्य आहे.

कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवणे अत्यावश्यक आहे. ओली हवा बाहेर गेली नाही तर काही मिनिटांतच परिणाम संपतो. कूलर आणि एसी एकाच खोलीत एकत्र लावू नयेत, कारण एक हवेत पाणी घालतो आणि दुसरा तेच पाणी वीज खर्चून काढतो. टाकीतील पाणी आठवड्याच्या आत बदलून टाकी कोरडी पुसावी, नाहीतर तिथे डासांची पैदास होते.

प्रश्न : एसी चालू असताना सर्व दारे-खिडक्या बंद असतात. सकाळी डोके जड होते. यंत्रात दोष आहे का?

उत्तर : बहुधा दोष हवेच्या अदलाबदलीचा आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. बंद खोलीत दोन माणसे झोपली की श्वासातील कार्बन डायऑक्साइड रात्रभर साचत राहतो. दार थोडे उघडे ठेवावे किंवा एक झरोका मोकळा ठेवावा. उष्माभार थोडा वाढेल, तो सोसावा. दमट हवामानात ताशी ५० घनमीटर बाहेरची हवा घेतल्यास सुमारे अर्धा किलोवॅट भार येतो. नवे घर बांधत असाल, तर बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा आत येणाऱ्या हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा विचारात घ्यावी.

प्रश्न : थंडीसाठी तेलाचा, पंख्याचा, सिरॅमिकचा आणि इन्फ्रारेड असे हीटर पाहिले. प्रत्येक जण आपला हीटर सर्वांत कमी वीज घेतो असे सांगतो. खरे काय? तसेच गरम-थंड एसी हिवाळ्यात कामाला येतो का?

उत्तर : विजेच्या तारेतून उष्णता निर्माण करणारे सर्व हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतात. १,५०० वॅटचा तेलाचा हीटर आणि १,५०० वॅटचा सिरॅमिक हीटर खोलीला तासाभरात सारखीच ऊब देतात. ‘कमी विजेत जास्त उष्णता’ हा दावा कोणत्याही बाबतीत मान्य करू नये. फरक वापरात आहे. तेलाचा हीटर सावकाश तापतो, बंद केल्यावरही काही वेळ ऊब देतो आणि आवाज करत नाही, म्हणून झोपण्याच्या खोलीला बरा. पंख्याचा हीटर लहान खोली पटकन तापवतो. इन्फ्रारेड हीटर हवेऐवजी समोरच्या माणसाला तापवतो. मोठ्या किंवा गळक्या खोलीत एका जागी बसून काम करायचे असेल, तर तोच शहाणपणाचा पर्याय आहे. रात्री अंथरुणात तर शंभर वॅटच्या आतली विजेची रजई किंवा गरम पाण्याची पिशवी पुरेशी होते. त्यासाठी दीड-दोन हजार वॅटचा हीटर रात्रभर चालवणे अनावश्यक आहे. कोणताही मोठा हीटर लांब एक्स्टेन्शन वायरवर लावू नये, थेट भिंतीतील योग्य क्षमतेच्या सॉकेटवर लावावा.

गरम-थंड एसी म्हणजेच हीट पंप, आणि तो या सर्वांपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो. विजेचा उपयोग फक्त ही वाहतूक करण्यासाठी होतो. उष्णतायंत्र उलटे चालवून इमारती तापवता येतील, असे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडले होते. बाहेर ७ अंश असताना चांगला हीट पंप एका युनिट विजेमागे तीन ते चार युनिट उष्णता देतो. बाहेरचे तापमान शून्याखाली जात राहिले की हे प्रमाण घटते, पण अतिथंड हवामानासाठी बनवलेली यंत्रे उणे २० अंशांच्या खालीही काम करतात. थंड आणि दमट दिवशी बाहेरच्या नळ्यांवर हिम साचते आणि ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे आत ऊब देणे थांबवते. ते बिघडलेले नसते, त्याला आपले काम करू द्यावे. आपल्याला उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तर गरम-थंड प्रकारचा घेऊन हिवाळ्यात तोच वापरावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

प्रश्न : आमच्या घरात गॅसवर चालणारा बॉयलर आणि रेडिएटर आहेत. हीट पंपाकडे वळावे का? तोवर बॉयलरचा खर्च कसा कमी करावा?

उत्तर : खर्चाच्या बाजूने निर्णय करायला दोन भागाकार पुरेत. विजेच्या एका युनिटच्या दराला हीट पंपाच्या हंगामी आकड्याने, म्हणजे एका युनिट विजेमागे हंगामात सरासरी मिळणाऱ्या उष्णतेच्या युनिटांनी, भागावे. गॅसच्या तितक्याच ऊर्जेच्या दराला बॉयलरच्या कार्यक्षमतेने, म्हणजे कंडेन्सिंग बॉयलर (धुरातील बाष्पाची उष्णताही परत मिळवणारा) असल्यास ०.९ च्या आसपासच्या आकड्याने भागावे. ज्याचे उत्तर लहान, त्याने घर तापवणे स्वस्त. वीज गॅसपेक्षा तिपटीने महाग असेल आणि हीट पंपाचा आकडा २.५ च असेल, तर बदलामुळे बिल वाढेल. तोच आकडा ४ असेल तर घटेल.

तो आकडा आपल्या रेडिएटरवर अवलंबून आहे, आणि बॉयलरच्या खर्चाचे उत्तरही तिथेच आहे. बाहेर शून्य अंश असताना पाणी ६० अंशांपर्यंत तापवायचे, तर हीट पंपाची सैद्धांतिक मर्यादा ५.५ च्या आसपास असते. ३५ अंशांचे पाणी पुरत असेल, तर ती ८.८ होते. प्रत्यक्षात यंत्रे या मर्यादेच्या साधारण निम्म्यापर्यंत पोचतात, पण प्रमाण तेच राहते. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांपेक्षा थंड असेल, तरच धुरातील बाष्प पाणी होऊन त्याची उष्णता परत मिळते. पाणी त्याहून गरम ठेवले, तर कंडेन्सिंग बॉयलरसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात. म्हणून आजच बॉयलरच्या पाण्याचे तापमान पाच-पाच अंशांनी खाली आणत, प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस थांबून घर उबदार राहते का ते पाहावे. ५० अंशांवर सर्वांत थंड दिवशीही घर सुखद राहिले, तर आपले रेडिएटर हीट पंपाला पुरेसे आहेत असे समजावे. न राहिले तर ज्या खोल्या थंड पडतात, तिथले रेडिएटर मोठे करावेत किंवा तिथल्या भिंती-खिडक्यांचे इन्सुलेशन आधी करावे. नळाचे गरम पाणी साठवणाऱ्या टाकीचे तापमान या प्रयोगात कमी करू नये. लीजनेला जिवाणूंची वाढ रोखण्यासाठी ते ६० अंशांवरच ठेवतात.

बॉयलर जुना असेल, तर त्याच्या जवळच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र लावावे. हा वायू रंग, वास किंवा चव यांपैकी कशानेही ओळखू येत नाही. बॉयलरची ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली किंवा आसपास काजळी जमली, तर तो लगेच बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा चालू करू नये.